स्पीकर कुणी चालू केला

डॉक्टरांनी तिच्या डाव्या कानात बॅटरी मारून पाहिलं आणि मान हलवली.

"सहा महिने हेडफोनला हात लावायचा नाही. आत सगळं लालभडक झालंय."

"मग मी टायपिंग कसं करू?"

"टायपिंग काय कानानं करता?" असं म्हणून डॉक्टर आपल्याच विनोदावर खूश झाले.

पण ती खरंच कानानं टायपिंग करायची. रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा, हा तिचा बावीस वर्षांचा धंदा. पायाखाली पेडल असायचं. दाबलं की आवाज पुढे जायचा, सोडलं की थांबायचा. सभा, मुलाखती, कोर्टातल्या उलटतपासण्या. किती माणसं तिच्या कानातून जाऊन कागदावर बसली होती त्याची गणतीच नव्हती.

घरात माणसं दोनच, ती आणि नवरा. नवरा एका सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर होता. शहरभर जागोजाग पहारेकरी पुरवायचे आणि ते झोपा तर काढत नाहीत ना, हे बघत फिरायचं, असं त्याचं काम. कोणकोणत्या जागा, हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर कामाचं बोलायचं नाही, हा दोघांचा जुना शिरस्ता.

हेडफोन बंद झाले तसा तिनं माळ्यावरून वडिलांचा ॲम्प्लिफायर आणि दोन दणकट स्पीकर खाली काढले. आवाज झकास होता. पण टेबलाखाली ठेवलेला तो ॲम्प्लिफायर बंद करायचं तिच्या लक्षात राहीना. त्याचा दिवा कधीच गेलेला, त्यामुळे चालू आहे की बंद तेही दिसायचं नाही. एकदा ती भाजी घेऊन परत आली तर खोलीत करपल्याचा वास, आणि यंत्र इतकं तापलेलं की वर हात ठेववेना.

तिनं धाकट्या भावाला फोन केला. त्याला घरात बारक्या म्हणत. आता तो चाळिशीचा होता, दारातून आत यायला जरा तिरपं व्हावं लागायचं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तो नाटकांना साउंड लावायचा.

"ताई, तुझ्या विसराळूपणाला औषध नाही," तो म्हणाला. "पण तुझ्या कॉम्प्युटरला मी शहाणं करून देतो."

दोन दिवसांनी तो एक पांढरा डबा घेऊन आला. डबा भिंतीच्या सॉकेटमध्ये, ॲम्प्लिफायरची पिन डब्यात. कॉम्प्युटरमध्ये त्यानं एक छोटा प्रोग्रॅम बसवला. तो दर दोन सेकंदांनी डोकावून बघणार, की कुणी कॉम्प्युटरवर काही वाजवतंय का. वाजवत असेल तर डब्याला निरोप जाणार आणि ॲम्प्लिफायर चालू होणार. चार मिनिटं कुणी काही वाजवलं नाही की बंद.

"म्हणजे हा आपलं ऐकत बसतो?" तिनं जरा दचकून विचारलं.

"अगं, ऐकत असता तर तू शिंकलीस तरी चालू झाला असता. हा फक्त विचारतो, आवाजाची यंत्रणा कुणी वापरतंय का. आणि कधी चालू केला, कधी बंद केला, ते टिपून ठेवतो. उद्या काही बिघडलं तर मला कळायला हवं ना."

संध्याकाळी नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, की बारक्यानं आपोआप बंद होणारं बटण बसवून दिलंय. "बरं झालं. घर जाळलं असतंस एक दिवस," नवरा म्हणाला आणि टीव्हीकडे वळला.

त्याच सुमारास तिच्याकडे चौकशी समितीचं काम आलं होतं. आठ महिन्यांपूर्वी शहराबाहेरच्या एका गोदामाला आग लागून चार कामगार गेले होते. त्याची चौकशी चालू होती. साक्षीदार घाबरलेले, म्हणून त्यांची नावं गुप्त. प्रत्येकाला एक नंबर. तिनं मूळ रेकॉर्डिंग ऐकायचं, साक्ष टाइप करायची, आणि ज्यावरून माणूस ओळखू येईल तो प्रत्येक शब्द गाळून तिथे रेघ ओढायची. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती समितीच्या कार्यालयात जाऊन झालेलं काम द्यायची आणि नवीन फायली घेऊन यायची.

समितीच्या सचिवबाई काटेकोर होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्याकडून लिहून घेतलं. "घरात कुणाच्या कानावर पडता कामा नये. नवऱ्याच्यासुद्धा."

"दार लावूनच बसते मी," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

या कामासाठी माणूस हवाय ही बातमी मात्र नवऱ्यानंच आणली होती. "तुझ्यासारखी अनुभवी बाई त्यांना कुठे मिळणार? अर्ज करून टाक," असं तो दोन-तीनदा म्हणाला होता. एरवी तो तिच्या कामात नाक खुपसत नसे. तिला बरं वाटलं होतं.

दोन आठवड्यांनी बारक्याचा फोन आला. "ताई, ती टिपणं पाठव जरा. वेळेवर बंद होतोय का बघतो."

तिनं फाईल उघडली. ओळीखाली ओळ, तारीख आणि वेळ. सकाळी नऊला चालू, एकला बंद. तिचंच वेळापत्रक. पाठवणार एवढ्यात तिची नजर मंगळवारवर गेली. दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी चालू, चार पंचवीसला बंद. मंगळवारी तीन वाजता ती समितीच्या कार्यालयात बाकावर बसली होती. तिनं आधीचा शुक्रवार काढला. तीन वाजून पाच मिनिटं ते चार चाळीस. त्याच्या आधीचा मंगळवार, तेच.

"डबा बिघडलाय रे तुझा," तिनं फोनवर सांगितलं. "मी घरात नसताना आपला आपण चालू होतो."

बारक्यानं फाईल पाहिली. "कधी कधी मेल आला की टिंग वाजतं, तेवढ्यानंही चालू होतो. पण टिंग सव्वा तास वाजत नाही, ताई." मग त्यानं विचारलं, "दुपारी घरी कोण असतं?"

"कुणी नसतं."

"शेजारी काही ऐकू गेलं असेल तर विचार."

तिनं विचारलं. भिंतीपलीकडच्या काकू दिवसभर घरातच असायच्या आणि त्यांच्या कानातून मुंगीसुद्धा सुटत नसे. "छे गं, दुपारी तुझ्याकडे चिडीचूप असतं," त्या म्हणाल्या.

तिनं पुन्हा बारक्याला फोन लावला. तो म्हणाला, "पुढच्या भोकात हेडफोन खोचले की स्पीकर गप्पच बसणार. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीनं वाजतंय ते वाजतंयच. डबा चालू होणार. ज्यानं हेडफोन लावलेत त्याला टेबलाखाली काय चाललंय याचा पत्ताही लागणार नाही."

ती फोन ठेवून खणाकडे गेली. तिचे हेडफोन तिथे होते, नीट गुंडाळून ठेवलेले. तिनं ते हातात घेतले. डोक्यावरची पट्टी दोन्ही बाजूंनी पुरती ओढलेली होती. तिच्या डोक्याला पट्टी कधी ओढावी लागत नसे. नवऱ्याचं डोकं मोठं. त्याच्या मापाचं हेल्मेट दुकानात मिळत नाही यावरून बारक्या त्याची वर्षानुवर्षं थट्टा करत आला होता.

तिनं मनाची समजूत घातली. फेऱ्यांच्या मधे घरी येऊन गाणी ऐकत असेल बिचारा. बायकोच्या मशीनवर चोरून गाणी ऐकणारा नवरा! तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंतच आलं.

तिनं बारक्याला नवऱ्याचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, काय वाजलं तेही डब्याला टिपता येईल का. "एक ओळ वाढवली की झालं," तो म्हणाला आणि रविवारी येऊन त्यानं ती वाढवली. का, असं त्यानं विचारलं नाही. तिच्या आवाजावरून त्याला काहीतरी कळलं असावं.

पुढच्या मंगळवारी ती नेहमीप्रमाणे तयार झाली. नवरा तिच्या आधी निघाला. निघताना त्यानं सवयीनं तिच्या खांद्यावरची न दिसणारी धूळ झटकली. "हे बघ, सावकाश जा, घाई करू नकोस," तो म्हणाला. कार्यालयात सचिवबाई काहीतरी सांगत होत्या, ती मान डोलावत होती, आणि तिचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर होते. तीन वाजले. तीन दहा झाले.

घरी येऊन तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत. टिपणांची फाईल उघडली. तीन वाजून सात मिनिटं: फाईल नऊ. तीन एकतीस: फाईल नऊ. तीन चोपन्न: फाईल नऊ. बाकी कशाला हात लावलेला नव्हता. एकच साक्ष, तीनदा.

नऊ नंबर तिनं शुक्रवारी आणला होता. अजून ऐकलाही नव्हता. तिनं दार लावलं आणि पेडल दाबलं.

बाईचा आवाज होता. वयस्कर, थोडा घोगरा. ती सांगत होती, की ती तीन नंबरच्या गोदामात झाडलोट करायची. पाय मोडला होता, प्लॅस्टर होतं, तरी कामावर जायची. बसून पोती शिवायचं काम दिलं होतं तिला. पुढच्या दाराशी बसली होती म्हणून वाचली. बाकीचे मागे धावले. मागचं दार बाहेरून कुलूपबंद होतं.

"कुलूप कुणी लावलं?" रेकॉर्डिंगमधले साहेब विचारत होते.

"पहारेकऱ्यानं. पण त्याला सांगितलं होतं त्यांच्या साहेबानं. माल चोरीला जातो म्हणाला, रोज लावायचं. मी होते ना तिथं. आम्ही म्हटलं, साहेब, आग-बीग लागली तर? तर तो मला म्हणाला, हे बघ, तू तुझा झाडू बघ. आणि माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. असं. प्रेमानं झटकावी तशी."

तिचा पाय पेडलवरून सुटला. खोली गप्प झाली. उजव्या हातानं ती स्वतःचा खांदा घट्ट धरून बसली होती, हे तिला बऱ्याच वेळानं जाणवलं.

आणि मग तिला दुसरी गोष्ट आठवली. तीन नंबरचं गोदाम. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी नवऱ्यानं तिला एक कागद टाइप करून मागितला होता. "ऑफिसातला प्रिंटर बिघडलाय, चार ओळी आहेत." गोदाम क्रमांक तीनच्या मागच्या दाराला कोणत्याही वेळी कुलूप लावू नये, असा पहारेकऱ्यांना हुकूम. तारीख त्यानं सांगितली ती महिनाभर आधीची. तिनं विचारलं, तर "द्यायचा राहून गेला होता गं," म्हणाला. तिनं टाइप करून दिला होता आणि चहा ठेवायला उठली होती. तो कागद याच कॉम्प्युटरवर होता. ती तारीख सोडून कॉम्प्युटरची स्वतःची तारीखही त्याला चिकटलेली होती. तिनं शोधून पाहिली. आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

नवरा सातला आला. हातपाय धुऊन जेवायला बसला. तिनं वाढलं.

"काम फार लांबलंय का तुझं?" त्यानं विचारलं. लग्नाच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा.

"नाही. होत आलंय."

"लोक काहीही सांगतात बघ. समोर कुणी नसलं की जीभ सैल सुटते. नंतर बिचाऱ्यांना पस्तावायची वेळ येते."

"तुम्हाला काय माहीत, काय सांगतात?"

त्यानं घास थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग हसला. "जगाची रीत सांगतोय. भात वाढ थोडा." जेवता जेवता तो सहज म्हणाला, "उद्या सकाळी लवकर निघीन. एका बाईला भेटायचंय. पाय मोडल्यापासून घरातच असते बिचारी. चार समजुतीच्या गोष्टी सांगून यायच्या आहेत."

तिच्या हातातली पळी भांड्यावर आपटली. "सावकाश," तो म्हणाला.

रात्रभर ती कुशीवर पडून राहिली. त्याचा श्वास एका लयीत चालला होता. सकाळी तो साडेसातला गेला आणि जिन्यातली पावलं विरताच ती उठली. टिपणं आणि तो हुकूम पेनड्राइव्हवर घेतला, हेडफोन पिशवीत टाकले आणि रिक्षा धरून समितीच्या कार्यालयात गेली. सचिवबाई नुकत्याच आल्या होत्या, पर्ससुद्धा खांद्यावरच होती.

तिनं सगळं सांगितलं. कुठे अडखळली नाही. दुसऱ्याची साक्ष टाइप करावी तसं आपलंच बोलणं तिला ऐकू येत होतं.

सचिवबाईंनी पर्स टेबलावर टाकली. त्यांनी कपाटातून वही काढली, नंबर शोधला आणि फोन लावला. शेजारच्या टेबलावरच्या अधिकाऱ्यालाही ऐकू जावं म्हणून फोनचा स्पीकर चालू केला. पाच वेळा घंटी वाजली. मग कुणीतरी उचलला.

पुरुषाचा आवाज होता. शांत.

"हे बघा, बाई आता काही बोलायच्या नाहीत. आधी जे सांगितलं त्यात चूक झाली होती. तसं त्यांनी लिहूनही दिलंय. तुम्हाला पोहोचेल."

"आपण कोण बोलताय?" सचिवबाईंनी विचारलं.

"त्यांचं भलं चिंतणारा."

फोन बंद झाला. सचिवबाई तिच्याकडे बघत होत्या. अधिकारीही.

"माझा नवरा आहे हा," ती म्हणाली.

पोलीस पोहोचायला पाऊण तास लागला. तोवर तो निघून गेला होता. नऊ नंबरची बाई खिडकीजवळ खुर्चीत बसून होती, अधू पाय स्टुलावर. मेजावर दोन कप होते, एक रिकामा, एक भरलेला आणि निवलेला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. "कुणी आलं नव्हतं," ती पोलिसांना म्हणाली. पुन्हा पुन्हा तेच म्हणाली. आणि त्यानंतर समितीच्या कुठल्याही माणसाशी ती एक अक्षर बोलली नाही.

तिला स्वतःला घरी जायची सोय उरली नव्हती. ती बारक्याकडे गेली. नवऱ्याचे दुपारपासून अकरा फोन आले. तिनं एकही उचलला नाही. संध्याकाळी निरोप आला: "जेवायला थांबलोय." एवढंच. रागाचा एक शब्द नाही. बारक्यानं तो वाचला, दाराची कडी पुन्हा एकदा तपासली आणि दारापुढे खुर्ची टाकून बसला.

सचिवबाईंनी तिचं काम काढून घेतलं. "माझा इलाज नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यात चूक काही नव्हती. नऊ नंबरची साक्ष गेल्यातच जमा होती. दुसऱ्या कुणी कुलपाचं नाव काढायला तयार नव्हतं.

आठ दिवसांनी तीच म्हणाली, "मग माझी घ्या."

साक्षीच्या खोलीत एक मेज, एक माइक आणि तीन माणसं होती. कोपऱ्यात तिच्या जागी आलेली नवी टायपिस्ट बसली होती, विशीबाविशीची, कानाला हेडफोन लावून. सचिवबाईंनी विचारलं, "तुमची ओळख पटेल असं जे असेल ते गाळायचं ना?"

"काय काय गाळाल?" ती म्हणाली. "तो कागद मी टाइप केला. कॉम्प्युटर माझा, नवरा माझा. हे गाळलं तर खाली फक्त रेघा उरतील. राहू द्या सगळं."

ती तासभर बोलली. हुकूम तिनं टाइप केला तेव्हा विचारलं आणि उत्तरावर गप्प बसली, हेही तिनं सांगितलं. ते सांगताना मात्र तिचा आवाज फाटला आणि कुणीतरी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

नवऱ्याला त्या आठवड्यात पकडलं. खोटा कागद आणि साक्षीदाराला धमकावणं, असे दोन्ही गुन्हे लागले. तिसऱ्या आठवड्यात त्याला जामीन मिळाला, आणि ती बारक्याच्या घरातून दुसरीकडे राहायला गेली. तो आता त्यांच्या जुन्या घरी राहतो. समोरच्या फुटपाथवरून जाताना काकूंनी त्याला खिडकीत उभा असलेला पाहिलं. "हसून हात केला गं त्यानं. कुठे राहतेस तू, विचारत होता. मी सांगितलं नाही हो!" असं त्यांनी फोनवर सांगितलं. तिनं त्याच दिवशी फोनचा नंबर बदलला. पंधरा दिवसांनी पुन्हा बदलला.

नऊ नंबरच्या बाईनं शहर सोडलं. पुढच्या तारखेला समितीच्या जिन्यात सचिवबाई भेटल्या तेव्हा तिनं त्या बाईची चौकशी केली. सचिवबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आहे सुखरूप. तिच्या बहिणीकडे, इथून..."

तिनं झटकन हात वर केला.

"नको. मला सांगू नका," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.